न मरणारी गाय

रूवीत, मनी एक्सचेंजच्या वरच्या मजल्यावर
आमचं भाषांतराचं दुकान.
जन्माचे दाखले, तलाकनामे, लायसन्स,
पानाला अडीच रियाल, शिक्क्याचे वेगळे.

शारबोनोसाहेब आले ते मेच्या भर दुपारी.
बरकाला खारं पाणी गोड करण्यात उभी नोकरी गेलेली.
पेन ड्राइव्हमध्ये बर्फाच्या देशातल्या नोटरींचे
तीनशे वर्षांचे कागद.
"फ्रेंच आजोबांबरोबर गेली," म्हणाले,
"आता माझ्याच माणसांचं अक्षर मला लागत नाही."

मला लागलं.
फ्रेंच पुण्यातली, संध्याकाळच्या वर्गातली;
नजर मात्र आजऱ्याची, बाबांची.
तलाठी होते. जुना कागद हातात आला की
आधी शेवट बघायचे, सही की अंगठा,
मग चतुःसीमा, माणसं सगळ्यात शेवटी.
"माणूस खोटं बोलतो गं. बांध सहसा नाही."

तशीच वाचत गेले.
नदीला तोंड लावून प्यायला बसल्यासारख्या
लांबट जमिनी, पट्ट्यापट्ट्यांच्या.
पूर्वेस अमक्याची विधवा,
पश्चिमेस शाईनंच खाल्लेला कोणी.
मग शारबोनो उर्फ लातुलिप.
त्या उर्फपाशी जरा घरी आल्यासारखं झालं.
आणि तळाशी, पानोपानी:
सही करता येत नाही असे सांगितले.

सतराशे चौतीस, मार्च.
मारी-आंजेलिक गोदबू, पिएर शारबोनोची विधवा.
गोदबू हे तिच्या बापाचं.
लग्न, आठ बाळंतपणं, वैधव्य,
सगळ्यांतून ते नाव तिनं कोरडं बाहेर आणलेलं.
शेत मुलाच्या नावे करते आहे
आणि बदल्यात, ती जिवंत असेतो, दरसाल
बारा मापं दळलेला गहू,
पोसलेलं डुक्कर एक,
दारात आणून फोडलेली लाकडं,
तंबाखू (तिला स्वतःला, हे दोनदा लिहिलंय),
रविवारी देवळात जायला जोडलेला घोडा
आणि एक न मरणारी गाय.

वाचनात चूक वाटली. नव्हती.
गाय मेली तर मुलानं दुसरी आणून बांधायची, इतकंच.
नवरा गेला तेव्हा जे कोणाकडे मागता आलं नाही
ते तिनं गाईसाठी लिहून घेतलं.

पलीकडच्या टेबलावर नासिर, बिरकत अल मोझचा:
"आमच्या फलजच्या वहीत आजीचं पाणी अजून आहे.
अर्धा अथर. पाव तास.
आजी नाही, पाणी येतं."

त्याच आठवड्यात हणमंताचा मेसेज.
हक्कसोडपत्राचा मसुदा.
"ताई, वकिलातीत सही करून पाठव.
सगळ्याच बहिणी करतात."
मी शेवटून वाचला.
माझं नाव सासरचं, मग उर्फ, मग माहेरचं.
एकोणचाळीस आर. स्वखुशीने व बिनमोबदला.
पश्चिमेस ओढा.

ओढा उत्तरेला आहे.
त्यात मी चप्पल घालवलीय, दोनदा.

शारबोनोसाहेब पैसे द्यायला आले तेव्हा
गहू नाही, डुक्कर नाही, एवढंच विचारलं:
"मिळाली का तिला गाय?"
तिच्या मागची मालमत्तेची यादी सापडली होती,
पंधरा वर्षांनंतरची.
लोखंडी भांडं, तडा गेलेलं. दोन चादरी.
तांबडी गाय एक, वय अंदाजे चार.
आम्ही दोघांनी बोटांवर वजाबाकी केली.
खाली उतरून ते बराच वेळ
एक्सचेंजच्या रांगेशेजारी नुसतेच उभे होते.

रात्री मसुदा छापून घेतला.
बिनमोबदलावर काट मारली, समासात लिहिलं:
दरसाल घनसाळ तांदूळ, दोन मण, हातसडीचा.
पहिला फणस.
विहिरीपर्यंतची वाट, पायी, न विचारता.
चौथं काय मागावं सुचेना.
गोठा बाबा असतानाच मोडला होता.

उद्या खिडकीतला माणूस म्हणेल,
मॅडम, रकान्यात एवढी जागा नाही.
म्हणेन, जोडपत्र जोडते.

पण त्याआधी वर गेले, चतुःसीमेत,
आणि लाल शाईनं
ओढा उत्तरेला नेला.